काड्यांचं घर: भिंत का वाकते आणि छप्पर का बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाच्याबरोबर आईस्क्रीमच्या काड्यांचं घर करायला घेतलं. टेबलावर भिंती सरळ होत्या, सुकल्यावर वाकल्या. मजबुतीसाठी उभ्या काड्यांवर आडव्या काड्यांचा दुसरा थर भरपूर गोंद लावून बसवला, तर त्या आणखीच वाकल्या. कोपरे जुळत नाहीत, छप्पर ठेवलं की एका टोकाला तरंगतं. गोंद बदलायचा का, काड्या किती लागतील आणि आत दिवा लावता येईल का, हेही विचारलं आहे.

आधी वाकण्याचं बघू, कारण बाकीच्या निम्म्या अडचणी त्यातूनच आल्या आहेत. गोंद बदलून फार फरक पडणार नाही. काडी कितीही गुळगुळीत केलेली असली तरी ती लाकूड आहे, बहुतेक वेळा बर्च झाडाचं, आणि लाकूड ओल पितं. ओल शिरली की लाकडाचे तंतू जाड होतात, लांब मात्र जवळजवळ होत नाहीत. काडीत तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे ओली काडी रुंदीत फुगते आणि सुकताना रुंदीतच आक्रसते. एका काडीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण कडेला कडा भिडवून 24 काड्या ओळीने चिकटवल्या की सगळे फरक एकाच दिशेने गोळा होतात आणि भिंतीची रुंदी मिलिमीटर-दोन मिलिमीटरने हलते. पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे ओल आपणच आणून दिलेली असते.

आता या उभ्या काड्यांवर आडवी पट्टी चिकटवा. आडव्या पट्टीची लांबी बदलत नाही, तिच्याखालच्या काड्यांची एकूण रुंदी मात्र सुकताना कमी होते. एक थर आक्रसतोय आणि त्याला चिकटलेला दुसरा जागचा हलत नाही, अशा वेळी पत्र्यासारखं वाकण्याखेरीज भिंतीला दुसरा मार्ग उरत नाही. तुम्ही आडवा थर पूर्ण भरून आणि भरपूर गोंद घालून लावलात, त्यामुळे ओढ आणखी वाढली. प्लायवूडमध्ये थरांची संख्या विषम असते ती याचसाठी. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखीच ओढ असली की कुणीच जिंकत नाही आणि फळी सपाट राहते. दोन थरांची भिंत ही अर्धवट प्लायवूड आहे. भिंत एक थराची करा नाहीतर तीन थरांची. दोन थरांची करू नका.

पहिल्या घरासाठी मी एक थर सुचवेन: बाहेर उभ्या काड्या आणि आतून तीन आडव्या पट्ट्या, एक तळाशी, एक मध्ये, एक वर. काड्यांच्या कडा एकमेकींना अजिबात चिकटवायच्या नाहीत. प्रत्येक काडी फक्त आडव्या पट्टीवर, गोंदाच्या एका छोट्या ठिपक्यावर बसवायची आणि दोन काड्यांमध्ये कागद सरकेल एवढी फट सोडायची. फुगली तर काडी त्या फटीत फुगेल, शेजारणीला ढकलणार नाही. गोंद बाजूने बाहेर पिळून आला तर तो जास्त झाला असं समजा. भिंत पूर्ण झाली की वर सपाट फळी, तिच्यावर जाड पुस्तकं, आणि रात्रभर तशीच. अर्ध्या तासात गोंद धरतो हे खरं, पण पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. वाकणं बहुतेक त्या मधल्या वेळात होतं, कारण अर्ध्या तासाने आपण वजन काढून भिंत हातात घेऊन मिरवत असतो.

एवढी पातळ भिंत टिकेल का, अशी शंका येईल. टिकते, कारण घराची ताकद भिंतीच्या जाडीत नसून चार कोपऱ्यांत असते. चारही भिंती कोपऱ्यांतल्या खांबांना नीट धरल्या की त्या एकमेकींना वाकू देत नाहीत.

गोंदाबद्दल थोडक्यात सांगते. भिंती, फरशी, छप्पर या सगळ्याला पांढरा गोंद. तो सावकाश धरतो आणि म्हणूनच काडी सरळ करायला वेळ देतो. ग्लू गन फक्त आतल्या, न दिसणाऱ्या जागी, झटपट आधार म्हणून, कारण तिचा गोंद जाड बसतो, सांधे पूर्ण मिटू देत नाही, शिवाय ऊन लागलं की मऊ पडतो. इन्स्टंट ग्लू बिजागरी, कडी अशा बारीक कामांना ठीक, पण तो लाकडात मुरून डाग पाडतो, त्या डागावर नंतर रंग धरत नाही, आणि त्याचा सांधा कडक असल्यामुळे धक्क्याने सुटतो. कुठलाही गोंद वापरा, काडीचं कापलेलं टोक दुसऱ्या टोकाला चिकटवून ताकदीची अपेक्षा ठेवू नका. टोकाला तंतूंची उघडी तोंडं असतात आणि ती गोंद पिऊन टाकतात. काडीची सपाट बाजू सपाट बाजूवर, असाच सांधा टिकतो.

आता मापं. बहुतेक जण आधी घर डोळ्यांसमोर आणतात आणि मग काड्या त्यात बसवायला जातात. उलट करा. काडी हातात घ्या आणि घराची मापं तिच्याकडून मागून घ्या. नेहमीची काडी साधारण 114 मिमी लांब, 10 मिमी रुंद आणि 2 मिमी जाड असते. दोन्ही टोकांची गोलाई कापली की 104 मिमी सरळ काडी हाती उरते. 1:24 या प्रमाणात, म्हणजे खऱ्या घराच्या चोविसाव्या हिश्शात, 104 मिमी म्हणजे जवळपास अडीच मीटर. खोलीची उंची! म्हणजे एक काडी उभी केली की एक मजला होतो, सांधा कुठेच नाही. बाहुलीघरांचं रूढ प्रमाण 1:12 आहे. त्यात तीच काडी 12 सेंमी रुंद आणि अडीच सेंमीला जरा कमी जाड, म्हणजे अगदी खरी वाटणारी फळी होते, पण मजल्याची उंची गाठायला दोन काड्या उभ्या जोडाव्या लागतात. फरशी, कुंपण, फर्निचर करायचं असेल तर 1:12 सुरेख दिसतं. पूर्ण घर आणि तेही पहिलंच, तर 1:24 घ्या.

मी तुमच्यासाठी हे माप सुचवते: लांबी 24 सेंमी, रुंदी 16 सेंमी, भिंतीची उंची 10.4 सेंमी आणि त्यावर दुपाखी छप्पर. रुंदी 16 का, ते छपराशी आल्यावर कळेल. दार 40 मिमी रुंद आणि 87 मिमी उंच ठेवा. खऱ्या घरात ते 96 सेंमी बाय 2.1 मीटर होतं. खिडकी तीन किंवा चार काड्यांच्या रुंदीची. दार-खिडक्या नेहमी पूर्ण काड्यांच्या हिशोबात ठेवल्या की उभी काडी लांबीत चिरावी लागत नाही, आणि काडी लांबीत सरळ चिरणं हे या छंदातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे.

एक सावधगिरी. काडी 10 मिमी रुंद म्हणून 24 काड्या म्हणजे 24 सेंमी, असं गृहीत धरू नका. पुड्यातल्या काड्या रुंदीत किंचित कमी-जास्त असतात आणि वर आपण फटी सोडतोय. काड्या प्रत्यक्ष शेजारी शेजारी मांडा, पट्टीने मोजा आणि जे येईल तीच भिंतीची लांबी. दोन्ही लांब भिंतींत काड्यांची संख्या सारखी असण्यापेक्षा मोजलेली लांबी सारखी असणं महत्त्वाचं. गरज पडली तर एका भिंतीत कडेची काडी थोडी घासून घ्या.

काड्या निवडणं हे काम भाच्याला द्या, त्यात मुलं रमतात. काच किंवा गुळगुळीत टेबलावर काडी ठेवायची आणि बोटाने टिचकी मारायची. डुलली तर वाकडी. सरळ काड्या भिंतींना, किंचित वाकड्या छपराच्या तुकड्यांना, चिरलेल्या किंवा गाठ असलेल्या फक्त आतल्या आधाराला. वापरलेल्या काड्या घेणार असाल तर गरम साबणाच्या पाण्यात धुऊन, सपाट पसरून, वजनाखाली पूर्ण सुकवा. गोडवा राहिला तर मुंग्या येतात.

कापण्याची पद्धत नीट जमली की काम निम्मं झालं. साध्या कात्रीने काडी कापली की टोक चिरफाळतं, कारण कात्री तंतू कापण्याआधी दाबते. कटरने एका बाजूला तीन-चार हलके फटके, काडी उलटून दुसऱ्या बाजूला तसेच, मग चिरेवर धरून मोडायची. एकाच फटक्यात जोर लावून कापायला जाल तर पातं घसरतं आणि बोट जवळच असतं. खूप तुकडे कापायचे असतील तर बारीक दात्यांची छोटी करवत आणि लाकडी खाच असलेला कापणीचा ठोकळा घ्या. खाचेपासून हव्या त्या अंतरावर एक काडी आडवी चिकटवून ठेवली की प्रत्येक तुकडा न मोजता सारखा येतो. कटर आणि करवत मोठ्यांच्या हातात. जास्त तापणाऱ्या ग्लू गनचा गोंद 190 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, कमी तापणारीचा 120 च्या आसपास. मूल वापरणार असेल तर दुसरीच, आणि तीही शेजारी बसून. इन्स्टंट ग्लूने बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. तो सुती कापडाने पुसू नका, सुती धाग्यांवर तो चांगलाच तापतो.

भिंती हवेत उभ्या करून काडी काडी चिकटवायच्या नाहीत. कागदावर भिंतीचा पूर्ण मापाचा नकाशा काढा, आलेखाचा कागद असेल तर उत्तम, दार-खिडक्या त्यातच आखा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चिकटपट्टीने बसवा. पांढरा गोंद त्याला धरत नाही, सुकलेली भिंत अलगद सुटते. पहिल्यांदा आडव्या पट्ट्या नकाशावर ठेवा, गुण्याने काटकोन बघा, मग उभ्या काड्या. लांब भिंतीत आडवी पट्टी 24 सेंमीला जरा कमी हवी (टोकांना किती जागा सोडायची ते कोपऱ्यांशी आल्यावर कळेल) आणि काडी तेवढी नसते, म्हणून काड्यांची टोकं भिडवून प्रत्येक सांध्यावर आणखी एका काडीचा तुकडा सपाट चिकटवा. तळाच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीतले सांधे एकाच उभ्या रेषेत आणू नका, नाहीतर भिंत नेमकी तिथे मोडते.

खिडकी नंतर कापून काढायची नाही, भिंत तिच्याभोवती बांधायची. खिडकीच्या जागी पूर्ण काडीऐवजी खाली एक आणि वर एक छोटा तुकडा बसवायचा. खिडकीच्या खालच्या आणि वरच्या कडेला आतून एकेक जादा आडवी पट्टी द्या, म्हणजे त्या तुकड्यांना दोन ठिकाणी धरायला मिळेल. मधली पट्टी खिडकीच्या आड येत असेल तर तेवढी तोडा. दारालाही वर तसंच.

कोपरे जुळत नाहीत याचं कारण नव्वद टक्के वेळा भिंतीची जाडी हिशोबात धरलेली नसते. घर बाहेरून 16 सेंमी रुंद हवं आणि लांब भिंतींच्या काड्या 2 मिमी जाड, तर आखूड भिंत त्या दोघींच्या मध्ये बसणार, म्हणून ती 160 वजा 4, म्हणजे 156 मिमीची करायची. आतल्या पट्ट्याही टोकापर्यंत न्यायच्या नाहीत, कोपऱ्यात खांबाला जागा हवी. खांब म्हणून 6 मिमीचा चौकोनी दांडा घ्या. दांडा नसेल तर 6 मिमी रुंदीत चिरून घासलेल्या तीन काड्या एकावर एक चिकटवा. मग आखूड भिंतीत पट्ट्या दोन्ही टोकांना 6 मिमी अलीकडे थांबतील आणि लांब भिंतीत 8 मिमी अलीकडे, कारण तिथे खांबाबरोबर आखूड भिंतीची जाडीही मावायची आहे. हे चित्र काढून बघा, वाचून समजायला वेळ लागतो आणि चित्रात लगेच दिसतं.

खांब आधी दोन लांब भिंतींना लावून सुकू द्या, मग आखूड भिंती. चौथा कोपरा जोडल्यावर गोंद ओला असतानाच वरून दोन्ही कर्ण मोजा. 24 बाय 16 च्या चौकोनात कर्ण 28.8 सेंमी येतो. दोन्ही सारखे आले तर घर गुण्यात आहे. एक मोठा निघाला तर त्या कर्णाची दोन टोकं हलकेच आत दाबा, सारखे झाले की घराभोवती रबरबँड चढवा आणि सुकू द्या. ही दोन मिनिटांची मोजणी टाळली की पुढे छपराशी तासभर झगडावं लागतं. तुमचं छप्पर तरंगतंय त्याचं पहिलं संशयित कारण हेच. दुसरं कारण भिंतींच्या वरच्या कडा एका पातळीत नसणं. मोठा पॉलिश पेपर सपाट फळीवर चिकटवा, घर त्यावर उलटं ठेवा आणि गोल गोल फिरवून घासा. जी कडा उंच असेल तीच आधी झिजते. घर डोलायचं थांबलं की थांबा.

आता छप्पर, आणि 16 सेंमीचं कारण. रुंदीचा अर्धा भाग 8 सेंमी. आढं, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू (पाखं) जिथे मिळतात ती वरची रेघ, भिंतीच्या माथ्यापासून 6 सेंमी उंच ठेवलं तर पाखाची तिरकी लांबी नेमकी 10 सेंमी येते. 6, 8, 10 हा शाळेतला काटकोन त्रिकोण. गणकयंत्र लागत नाही आणि उतार 37 अंशांच्या जवळ येतो, जो डोळ्यांना छान दिसतो. भिंतीबाहेर 2 सेंमी वळचण धरली की प्रत्येक पाखं उतारावर 12 सेंमी. लांबीतही दोन्हीकडे दोन-दोन सेंमी बाहेर, म्हणजे 28.

आखूड भिंतींवरचे तिकोन असे करा: नकाशावर त्रिकोण आखा, पायाला पूर्ण 16 सेंमी. दोन तिरक्या पट्ट्या आणि पायाची एक आडवी पट्टी मांडा आणि त्यावर उभ्या काड्या रेषेबाहेर जातील अशा चिकटवा. सुकल्यावर रेषेवर कापा. दुसरा तिकोन तसाच, पण शेवटचं घासणं दोन्ही एकत्र धरून, चिमट्यांनी आवळून करा. दोन तिकोन वेगवेगळे घासले की ते तंतोतंत सारखे होत नाहीत, आणि छप्पर एका टोकाला उचललं जाण्याचं ते तिसरं कारण.

पाखांचा तळ म्हणून 2 मिमी जाड पुठ्ठा वापरा. सगळं लाकडाचंच हवं असा हट्ट असेल तर काड्यांचा तळ करता येतो, पण पहिल्या घरात पुठ्ठ्याला कमीपणा नाही, तो झाकलाच जातो. वर बसवायला काड्यांचे 20 मिमी लांब तुकडे कापा. सुरुवात खालून, वळचणीकडून. पहिली ओळ दुहेरी, म्हणजे कडेला पुठ्ठा दिसत नाही. पुढची प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर 8 मिमी चढलेली, त्यामुळे 12 मिमी उघडं राहतं, आणि तुकडे अर्ध्या रुंदीने सरकवलेले, म्हणजे दोन ओळींतल्या फटी एकाखाली एक येत नाहीत. प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघ आधीच मारून ठेवा. ओळ डोळ्यांनी सरळ ठेवायला गेलात तर चौथ्या-पाचव्या ओळीला ती तिरकी झालेली दिसते आणि तोवर मागच्या सुकलेल्या असतात. काडीचं गोल टोक खाली ठेवून तुकडे लावले तर माशाच्या खवल्यांसारखं छप्पर दिसतं, पण एका काडीतून अशी टोकं दोनच मिळतात. ते फक्त वळचणीच्या सगळ्यात खालच्या ओळीला करा, तिथे उठूनही दिसतं.

छपरालाही भिंतीचाच नियम लागू आहे. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला गोंद आणि लाकूड चढतंय, तर पाखं वर वळणार. म्हणून तुकडे लावायच्या आधी खालच्या बाजूने एक जाड कागद पूर्ण चिकटवा आणि तीन-चार ओळी झाल्या की थांबून वजनाखाली सुकू द्या. एका बैठकीत सगळं छप्पर उरकायला जाऊ नका.

छप्पर घराला चिकटवू नका. आतून दोन छोटे तिकोन, सुताराच्या भाषेत कैच्या, करा आणि दोन्ही पाखं त्यांना जोडा. या कैच्या भिंतींवरच्या तिकोनांच्या किंचित आत बसल्या की छप्पर सरकत नाही आणि हवं तेव्हा उचलता येतं. कैची तिकोनापेक्षा केसभर लहान हवी, नाहीतर छप्पर अडकून बसेल. आढ्यावर दोन पाखांमध्ये उरणारी फट काड्यांची अरुंद पट्टी दोन्हीकडून लावून झाका.

काड्यांचा हिशोब आता करता येतो. भिंतींचा घेर 80 सेंमी, म्हणजे उभ्या काड्या 80. दार-खिडक्यांमुळे वाचलेल्या काड्यांत आतल्या पट्ट्या पूर्ण निघत नाहीत, त्यांना अजून 25 ते 30. दोन्ही तिकोन मिळून 16 ते 18. फरशी 37 च्या आसपास. आणि छप्पर? 28 सेंमीच्या एका ओळीत 28 तुकडे, 12 सेंमी उतारावर दहा ओळी, पहिली दुहेरी म्हणून अकरा, दोन पाखांचे 616 तुकडे. एका काडीतून पाच तुकडे निघतात, म्हणजे सव्वाशे काड्या एकट्या छपराला. एकूण 290 च्या घरात. वाकड्या, चिरलेल्या आणि चुकून कापलेल्या धरून 400 आणा. सगळे जण भिंतींचा अंदाज घेऊन काड्या आणतात आणि छपराच्या मध्यावर अडकतात.

रंगाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगेन: रंग किंवा पॉलिश लावायचं असेल तर काड्या जोडण्याआधी लावा, निदान भिंत सपाट पडलेली असताना, आणि दोन्ही बाजूंना. पाण्यातला रंग म्हणजे पुन्हा ओलच. आधी रंगवलेल्या काडीवर गोंद जिथे लावायचा तिथे रंग खरवडून घ्या. जोडल्यावर रंगवणार असाल तर सांडलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा, कारण सुकलेल्या गोंदावर पॉलिश चढत नाही आणि फिकट डाग कायमचे राहतात. जुनाट, पावसात राखाडी पडलेल्या लाकडाचा रंग हवा असेल तर व्हिनेगरमध्ये तारेची घासणी एक-दोन दिवस भिजवून ते पाणी काड्यांना लावतात. भांड्याचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. बर्चमध्ये टॅनिन, म्हणजे चहातही असतं ते तुरट द्रव्य, कमी असल्यामुळे नुसत्या या पाण्याचा रंग फिका येतो. आधी चहाच्या कडक काढ्याचा एक हात देऊन सुकवा, मग ते पाणी लावा, लोह आणि टॅनिन मिळून छान राखाडी-काळा रंग धरतो. मला स्वतःला चकचकीत व्हर्निशपेक्षा हेच आवडतं, पण मुलांना लाल छप्पर हवं असतं आणि ते त्यांचं घर आहे.

खिडकीची तावदानं पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची, सगळं रंगकाम झाल्यावर, आतून. इथे इन्स्टंट ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढरं धुकं बसतं आणि ते निघत नाही. दार उघडझाप करणारं हवं तर बिजागरीच्या फंदात न पडता टाचणी वापरा: दाराच्या कडेला वर आणि खाली एकेक टाचणी खुपसून तिची टोकं वरच्या पट्टीत आणि फरशीत बारीक भोकांत बसवा. दार त्यावर फिरतं. तळाला कागदाच्या जाडीएवढी फट हवी.

दिवा लावता येतो आणि सोपा आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात आणि सीआर2032 हा नाण्याएवढा सेल 3 व्होल्टचाच असतो, त्यामुळे एक एलईडी त्यावर थेट पेटतो. एलईडीचा लांब पाय धनाकडे. यूएसबीचे 5 व्होल्ट वापरायचे असतील तर मध्ये 150 ओहमचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह आवरणारा छोटा भाग) घाला, 9 व्होल्टच्या बॅटरीला 470 चा. थेट जोडलात तर एलईडी क्षणात जातो. तारा फरशीखालून न्या, त्यासाठी फरशी जोत्यावर थोडी उचललेली असू द्या. एलईडी आढ्याला लावलात तर छप्पर उचलताना तारा ओढल्या जातात, म्हणून तो भिंतीच्या वरच्या पट्टीला आतून लावा. मेणबत्ती किंवा तापणारा छोटा बल्ब आत ठेवायचा नाही. आणि घरात लहान मूल असेल तर नाण्याचा सेल स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच ठेवा. हा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. तसा नुसता संशय आला तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

राहिल्या तुमच्या वाकलेल्या दोन थरांच्या भिंती. त्या फेकू नका. त्यांना तिसरा थर द्या: बाहेर उभ्या काड्या आहेत, मध्ये आडव्या आहेत, आता आतून पुन्हा उभ्या. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंवरून ओलसर फडकं फिरवा, ती थोडी मऊ पडली की सपाट फळीखाली दाबून जवळपास सुकू द्या, मग पातळ गोंदाने तिसरा थर लावून प्लॅस्टिकच्या दोन पत्र्यांमध्ये, दोन फळ्यांच्या मध्ये, जड वजनाखाली दोन दिवस ठेवा. भिंत आता 6 मिमी जाड होईल, कोपऱ्यातल्या खांबांची गरज उरणार नाही, पण आखूड भिंतींची लांबी 156 नसून 148 मिमी धरावी लागेल. आधीच्या भिंती त्यापेक्षा लांब असतील तर कडेची काडी तिन्ही थरांतून करवतीने उतरवा, कटर इथे चालत नाही.